हंड्याचे वजन

काही गोष्टी वेळीच सांगायच्या राहून जातात. उशिरा का होईना, त्या सांगून टाकाव्यात म्हणजे मन हलके होते, एवढ्याच हेतूने मी हे लिहावयास बसलो आहे.

२०१६ सालच्या जुलै महिन्यात माझी धाकटी कन्या पवईच्या आयआयटीत दाखल झाली. ही वार्ता आमच्या आळीत पसरावयास एक दिवसही लागला नाही. त्या रविवारी मिस्सा आटोपून चर्चच्या आवारात आलो, तो चौघांनी हात हाती घेऊन अभिनंदन केले. "मास्तर, पोरीनं नाव काढलं!" असे एक जण म्हणाले. कोणत्या शाखेत, हे कोणी विचारले नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. आयआयटी म्हटले की लोक जे समजायचे ते समजले. मी हसून मान डोलावली आणि घरी परतलो.

वस्तुस्थिती अशी होती की माझी मुलगी तेथे अ‍ॅनिमेशन शिकावयास गेली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर हलती चित्रे, आणि आळीच्या भाषेत सांगायचे तर कार्टून. आयआयटीच्या आवारात १९६९ साली 'इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर' सुरू झाले. आपल्या मराठीतले थोर अक्षरकार आणि कवी र. कृ. जोशी तेथेच शिकवीत असत. या केंद्रात अ‍ॅनिमेशनचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी 'सीड' नावाची परीक्षा द्यावी लागते. मुलीने ती कोणाच्याही मदतीशिवाय दिली होती. परंतु पस्तीस वर्षे वर्गात गणित शिकवलेल्या माझ्यासारख्या माणसाला चित्रे काढून पदवी मिळते, हे पटण्यासारखे नव्हते. पटले नाही ते मी झाकून ठेवले.

दर पंधरा दिवसांनी ती अंधेरीहून गाडी पकडून वसईला येई. पाठीवर कपड्यांचे गाठोडे आणि हातात कागदांचा गठ्ठा. पहिल्या सहामाहीत त्या कागदांवर एक चेंडू होता. चेंडू वरून खाली पडतो, आपटतो, पुन्हा उसळतो. पोस्टाच्या पाकिटांची गड्डी अंगठ्याने सोडावी तसे ते कागद ती सोडी आणि चेंडू खरोखरच उसळे. "आयआयटीत जाऊन चेंडू काढतेस?" असे मी एकदा म्हणालो. ती रागावली नाही. तिने दोन गठ्ठे माझ्यापुढे ठेवले. "पप्पा, यातला रबरी कोणता आणि लोखंडी कोणता, सांगा." दोन्हीकडे सारखेच वर्तुळ होते, रंग नव्हता. तरीही मला क्षणात कळले. कसे कळले, ते मात्र सांगता येईना. "दोन चित्रांमधलं अंतर," ती म्हणाली. "वजन चित्रात नसतं, अंतरात असतं." गणिताच्या मास्तरला गणितच ऐकवले जात होते, पण तेव्हा ते माझ्या ध्यानी आले नाही.

तिच्याकडून मला या विद्येचा हिशेब समजला. पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे सरकतात. प्रत्येक चित्र दोनदा दाखवले तर सेकंदाला १२ चित्रे काढून भागते. म्हणजे चार मिनिटांच्या चित्रपटाला २८८० चित्रे. एकाच दृश्यात दोन माणसे वेगवेगळी हलत असतील तर आणखी. या कागदांना एका कडेला भोके असतात, ती पट्टीवरील खुंट्यांत बसवायची, खालून दिवा लावायचा आणि आदल्या चित्रावरून पुढचे चित्र केसभर सरकवून काढायचे. आता हे काम संगणकाच्या पाटीवरही होते, परंतु हात बसावा म्हणून मुलांना कागदापासून सुरुवात करायला लावतात.

दुसऱ्या वर्षी एकदा डबा घेऊन मी तिच्या कार्यशाळेत गेलो. वसतिगृहाच्या वाटेवर बिबट्यापासून सावध राहण्याचा फलक होता, कारण पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचे रान आहे. आत मात्र वेगळेच रान माजले होते. आसामचा एक मुलगा तारेच्या सांगाड्यावर कापूस गुंडाळून बाहुली तयार करीत होता आणि ती एका जागी उभी करून, बोटभर हलवून, छायाचित्रे घेत होता. दिवसभरात त्याचे चार सेकंदांचे काम झाले होते आणि तो संतुष्ट होता. केरळची एक मुलगी दिवा लावलेल्या काचेवर वाळू पसरून बोटांनी पक्षी काढीत होती. पुढचे चित्र काढायचे म्हणजे आधीचे पुसायचे, मागे काही उरत नाही. एक जण आरशापुढे उभा राहून पुन्हा पुन्हा शिंकत होता. रात्रीचे दोन-दोन वाजेपर्यंत ही मुले जागत आणि पहाटे चहाच्या टपरीवर एकमेकांच्या चित्रांवरून भांडत. माझ्या मुलीने त्या दिवशी मला दारातून येताना न पाहताच ओळखले. "तुमच्या चपला डावीकडे घासतात," ती म्हणाली.

या कलेची परंपरा आपल्याकडे नवीन नाही, हेही मला तेथेच कळले. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या कोंबाची वाढ दिवसेंदिवस छायाचित्रे घेऊन पडद्यावर दाखवली होती. त्याच फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यातून स्वदेशी चित्रपटाचा ध्यास घेतला, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९५६ साली डिस्नेकडचे क्लेअर वीक्स मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवावयास आले आणि त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे कलावंत तयार झाले. दूरदर्शनवर आपल्या मुलांनी पाहिलेली 'एक अनेक और एकता' ही १९७४ सालची चित्रफीत विजया मुळे यांची. आणि मुंबईच्या गीतांजली राव यांनी एकटीने रंगवलेला 'प्रिंटेड रेनबो' २००६ साली कान महोत्सवातील समीक्षक सप्ताहात गौरवला गेला. त्या चित्रपटात एक वृद्धा आणि तिची मांजर आहे.

बहुधा त्यावरूनच माझ्या मुलीच्या मनात आले असावे. शेवटच्या मोठ्या प्रकल्पासाठी तिने आजीची निवड केली. माझ्या आईची. विहिरीवरून पाणी आणणारी तरुण आजी, एवढाच विषय. काही आठवड्यांनी ती उतरल्या चेहऱ्याने घरी आली. आजीच्या चालण्याची चित्रे मार्गदर्शकांनी पाहिली होती आणि एकच शब्द उच्चारला होता: वजन नाही. रात्री जेवणानंतर तिने ती चित्रे संगणकावर आजीला दाखवली. आईचे वय तेव्हा ब्याऐंशी. तिने चष्मा पुसला, दोन वेळा पाहिले आणि म्हणाली, "बाय माझे, ही बाई रिकामा हंडा घेऊन चालली आहे. पाणी कुठं आहे?"

मुलगी आ वासून पाहत राहिली. पवईच्या प्राध्यापकांनी आणि चौथी शिकलेल्या आजीने एकच दोष काढला होता.

मग आजीने शिकवणी घेतली. "भरला हंडा असला की मान हलत नाही, कंबर हलते. पाऊल लांब पडत नाही. गुडघा आधी वाकतो, मग टाच टेकते. आणि चुंबळ कुठं आहे? चुंबळीवाचून का कोणी हंडा घेतो?" मुलगी भराभर लिहून घेत होती. नेहमीच्या चालीत एका पावलाला साधारण अर्धा सेकंद, म्हणजे बारा फ्रेमा धरतात. तेवढ्याच तिने आजीला दिल्या होत्या. आता त्या सोळा करायच्या ठरल्या. परंतु प्रत्यक्ष पाहायला कोणी हवे होते. आईचे गुडघे गेलेले, पत्नीची कंबर धरलेली. उरलो मी.

आमच्या विहिरीवर पंप बसून कितीतरी वर्षे झाली. शेजाऱ्यांकडे मात्र जुना रहाट शाबूत होता. शनिवारी सकाळी मी पोहरा सोडला. मुलीने रहाटाची करकर ध्वनिमुद्रित करून घेतली. हंडा भरला. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर पितळेचा भार वेगळा. शेजाऱ्यांनी तो माझ्या डोक्यावर चढवला आणि मी आमच्या ओटीकडे निघालो. साठ पावलांची वाट. मुलगी पुढून चित्रण करीत होती, आळीतली पोरे हसत होती आणि ओट्यावर बसून आई सूचना देत होती. विसाव्या पावलाला मान ताठ झाली. चाळिसाव्याला पाणी खांद्यावर सांडले. पोहोचलो तेव्हा आई म्हणाली, "आणलंस खरं. पण अर्धा हंडा वाटेत ठेवून आलास."

मी ओट्यावर बसलो आणि सहज विचारले, "आई, तू रोज किती खेपा करायचीस?"

"आठ. वाडीत जायच्या आधी."

आठ खेपा म्हणजे १२० लिटर. हा हिशेब माझ्या मनात आपोआप झाला. त्याच ओट्यावर, त्याच पायरीवर बसून मी शाळेचा अभ्यास करीत असे. ती समोरून आठ वेळा जाई नि येई. मला प्रमेये आठवत होती, पहिला नंबर आल्याचा दिवस आठवत होता. तिची चाल मला आठवेना. मी तिच्याकडे कधी पाहिलेच नव्हते. जिच्या डोक्यावरच्या पाण्याने मी वाढलो, तिच्या पावलाला किती वेळ लागत होता, हे माझी मुलगी मोजत होती आणि त्या मोजणीची मला लाज वाटत होती.

त्याच सुमारास दुसरी गोष्ट उघडी पडली. आळीतील एक गृहस्थ घरी आले आणि बारावीच्या मुलांना प्रवेश परीक्षेचे गणित शिकवशील का, म्हणून मुलीला विचारू लागले. तिने नम्रपणे आपला विषय सांगितला. गृहस्थ गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. ते गेल्यावर ती एवढेच म्हणाली, "पप्पा, तुम्ही खोटं बोलला नाहीत. पण दोन वर्षं खरंही सांगितलं नाहीत." मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

२०१८ सालच्या उन्हाळ्यात तो चार मिनिटांचा चित्रपट पुरा झाला. पवईला आम्ही तिघेही गेलो, आईला गाडी करून नेले. अंधारात रहाट करकरला, हंडा भरला आणि एक तरुण स्त्री चालू लागली. मान निश्चल, कंबर डावी-उजवी, प्रत्येक पावलाला गुडघा किंचित वाकणारा. पायरीवर एक मुलगा पुस्तकात डोके खुपसून बसला होता. ती त्याच्यासमोरून आठ वेळा गेली. त्याने मान वर केली नाही. हे दृश्य कथेत आहे, हे मला मुलीने आधी सांगितले नव्हते. दिवे लागले तेव्हा आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता पाणी आहे."

आई २०२१ साली गेली. घरी तिची पाच-सहा छायाचित्रे आहेत, त्यांत ती भिंतीसारखी ताठ उभी आहे. तिची चाल मात्र त्या चित्रपटात आहे, तिने स्वतः तपासून दिलेली.

त्या उन्हाळ्यानंतरच्या रविवारी चर्चच्या आवारात कोणीतरी पुन्हा विचारले, "मास्तर, आयआयटीवाली आता काय करते?"

"चित्रपट काढते," मी म्हणालो. "हलती चित्रं."

"म्हणजे कार्टून?"

"होय," मी म्हणालो, "कार्टून. वेळ काढून घरी या, दाखवतो."