बॉनेटखालची रिकामी जागा

वर्षानुवर्षं भाजी, मासळी नाहीतर सिमेंटच्या गोण्या वाहिलेली बोलेरो पिकअप साकीनाक्याच्या किंवा घाटकोपरच्या एखाद्या गॅरेजसमोर येऊन थांबते, तेव्हा मालकाने निदान आधीच करून टाकलेलं असतं. "मिस्त्री, धूर मारते, ऑइल खाते, चढावर दम सोडते. इंजिन दुसरंच टाका." जाणता मिस्त्री लगेच हो म्हणत नाही. "शेठ, आधी बघू तर द्या," म्हणत तो गाडी चालू ठेवतो, ऑइल भरायचं झाकण उघडतो आणि त्यावर तळहात धरतो. तिथून फकाफका धूर हाताला लागला, तर पिस्टनच्या रिंगा आणि लायनर झिजल्याचा संशय पक्का होत जातो. मग डिपस्टिक. ऑइल दुधाळ दिसलं, तर त्यात पाणी शिरलंय. थंड गाडी चालू करून रेडिएटरचं झाकण उघडल्यावर सतत बुडबुडे येत असतील, तर बहुतेक वेळा हेडची पॅकिंग गेलेली असते. तेवढ्यासाठी इंजिन उतरवायची गरजच नसते. कित्येकदा मिस्त्रीच्या हातून मालकाचे सर्वांत जास्त पैसे इथेच वाचतात, पाना हातात घेण्याआधी.

पण इंजिन खरंच संपलेलं असेल, तर ते उतरवावंच लागतं. जुन्या बोलेरो पिकअपमधलं डीआय इंजिन २५२३ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ८८.९ मिलिमीटर, पिस्टनचा पल्ला १०१.६ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आणि चार इंच. या इंची मापांत त्याचं कूळ दिसतं. १९६३ साली महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि कांदिवलीत ट्रॅक्टर बनू लागले. त्या ट्रॅक्टरांच्या घराण्यातलं हे इंजिन आहे. बिडाचं, जड, सावकाश फिरणारं, भरपूर ओढणारं. उपनगरातल्या मिस्त्रींना ते आवडतं, कारण ते उघडता येतं आणि दुरुस्त होतं.

उतरवण्याची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढून होते. मग पाणी आणि ऑइल खाली सोडायचं, बॉनेट उचलून भिंतीला लावायचं, रेडिएटर काढायचा, म्हणजे पुढून वाट मोकळी होते. त्यानंतर सेल्फ, डायनामो, डिझेलच्या नळ्या, अॅक्सिलरेटरची केबल, टेम्परेचर आणि ऑइलच्या स्विचच्या तारा. इथे शिस्त लागते. सुटलेली प्रत्येक नळी लगेच स्वच्छ फडक्याने बंद करायची, कारण धुळीचा बारीक कणही पंपाची आणि नोझलची वाट लावतो. प्रत्येक तारेला टेप गुंडाळून खूण करायची. बेल हाउसिंगचे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर हाउसिंगचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवायचा. नवखा पोरगा सगळे बोल्ट एका डब्यात टाकतो आणि परत जोडताना अर्धा दिवस शोधत बसतो.

सर्वांत हट्टी असतात ते सायलेन्सरच्या पाइपाचे स्टड. वर्सोव्याच्या किंवा सॅसून डॉकच्या मासळीवर फिरलेल्या गाडीत तर खाऱ्या पाण्याने ते गंजून एकजीव झालेले असतात. जोर लावला की स्टड मोडतो, आणि मोडका स्टड ड्रिलने काढण्यात संध्याकाळ होते. म्हणून मिस्त्री आदल्या रात्रीच त्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो. सकाळी नट गरम करतो, पाव फेरा सोडवतो, परत थोडा आवळतो, पुन्हा सोडवतो. गंजाचा चुरा आट्यांतून बाहेर पडत जातो आणि नट हळूहळू मोकळा होतो. या कामात घाई करणाऱ्याला वस्ताद जवळ उभा करत नाहीत.

मग चेन कप्पी. गिअरबॉक्सखाली जॅकचा टेका द्यायचा, माउंटिंगचे बोल्ट काढायचे आणि दोनशे किलोंहून जड असलेला तो गोळा आधी सरळ पुढे, मग वर घ्यायचा. लटकलेल्या इंजिनाखाली हात-पाय कोणी घालायचा नाही, हा नियम गॅरेजमध्ये ओरडूनच सांगितला जातो.

इंजिन बाहेर आलं की गिऱ्हाईक त्याच्याभोवती जमतं. चांगला मिस्त्री मात्र गाडीकडे वळतो. बॉनेटखालची ती रिकामी जागा एरवी कधी दिसत नाही, आणि जुनं इंजिन का मेलं याचा पुरावा पुष्कळदा तिथेच असतो. रेडिएटर उलटा केला की गाळ आणि क्षार निघतात. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी बोअरिंगचं पाणी भरलेलं असतं. इंजिन तापत राहिलं, ऑइल पातळ पडलं, लायनर घासले. कुठे एअर फिल्टरचा होज चिरलेला असतो आणि मेट्रोच्या कामांची धूळ त्यातून थेट सिलिंडरमध्ये गेलेली असते. कुठे माउंटिंगचं रबर बसलेलं असतं, कुठे चॅसीला जोडलेली अर्थची तार कुजलेली. हे सगळं जसंच्या तसं ठेवून नवं इंजिन चढवलं, तर तेही त्याच रोगाने जाणार. म्हणून काही मिस्त्री मालकाला स्पष्ट सांगतात, "शेठ, रेडिएटर करणार नसाल, तर इंजिन मी चढवत नाही." गिऱ्हाईक हातचं जाईल हे माहीत असून ते हे बोलतात. या धंद्यातली सचोटी अशा वाक्यात दिसते.

पाण्याने मारलेल्या इंजिनांची मोठी शाळा मुंबईच्या मिस्त्रींनी २६ जुलै २००५ नंतर पाहिली. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी कुर्ला-कालिना भागात पसरली आणि असंख्य गाड्या बुडाल्या. उभी गाडी बुडाली तर बऱ्याचदा वाचवता येते. चालू गाडीने पाणी ओढलं, तर मात्र प्रकरण वेगळं. बोलेरोच्या त्या डीआय इंजिनाचा एक सिलिंडर सुमारे ६३० सीसीचा. दाबाचं प्रमाण अठरास एक धरलं, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ३७ सीसी, म्हणजे कटिंग चहाचा ग्लासही निम्मा भरणार नाही एवढी. त्याहून जास्त पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला वाव राहत नाही. पाणी दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. पावसाळ्यात बुडालेली गाडी सेल्फ मारून बघू नका, असं मिस्त्री कळवळून सांगतात ते यासाठी.

दुसरं इंजिन आणायचं, तर पुष्कळांची पावलं कुर्ला-कालिन्याच्या सीएसटी रस्त्यावरच्या जुन्या मालाच्या दुकानांकडे वळतात. तिथे क्रँक हाताने फिरवून बघायचा, पुढे-मागे ढकलून त्याचा खेळ बघायचा, नोझलच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाकून सिलिंडरमध्ये गंज आहे का ते बघायचं. आणि सर्वांत आधी ब्लॉकवरचा नंबर. तो घासलेला असेल किंवा कागद नसतील, तर कितीही स्वस्त असलं तरी ते इंजिन तिथेच सोडायचं.

चढवताना कस लागतो तो गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमध्ये शिरवताना. प्रेशर प्लेट आवळण्याआधी एखादा जुना क्लच शाफ्ट प्लेटमधून आरपार घालून पायलट बेअरिंगमध्ये टेकवायचा, म्हणजे प्लेट मधोमध बसते. मग इंजिन कप्पीवर केसभर वर, केसभर खाली करत पुढे सरकवायचं. एक जण क्रँकची पुली किंचित फिरवतो, दुसरा हाउसिंगच्या फटीत नजर ठेवतो. दात जुळले की इंजिन आपसूक आत सरकतं. फट बोटभर उरली असताना बोल्ट आवळून ती ओढून घ्यायचा मोह होतो, पण त्यात हाउसिंगचे कान तुटतात आणि प्लेट वाकते. फट मिटत नसेल, तर मागे घ्यायचं आणि पुन्हा बघायचं.

पहिल्या स्टार्टआधी डिझेल बंद ठेवून सेल्फ मारायचा, म्हणजे ऑइल बेअरिंगांपर्यंत पोहोचतं आणि ऑइलचा दिवा विझतो. मग हवा काढायची. स्क्रू ढिला करून हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग फेसाशिवाय सलग डिझेल. तसंच नोझलच्या नटांशी. इंजिन उठलं की अॅक्सिलरेटर न दाबता कान लावायचा, गळती बघायची आणि टेम्परेचरचा काटा चढून स्थिर होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

कामाचा शेवटचा भाग आरटीओत होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे अशा बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत तो कळवून आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं. तिथे किंवा विम्याच्या दाव्याच्या वेळी नंबर जुळला नाही, तर चांगलं चाललेलं इंजिनही मालकाला अडकवतं. म्हणून चावी देताना मिस्त्री बिलाबरोबर जुन्या मालाच्या दुकानाची पावती हातात ठेवतो आणि तीन गोष्टी बजावतो: पहिलं ऑइल लवकर बदला, सुरुवातीला ओव्हरलोड भरू नका, आणि रोज सकाळी गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी बघा. कमी झालेलं दिसलं, तर वर ओतून पुढे जाऊ नका. गाडी घेऊन परत या.