वाती वाकड्या झाल्या तेव्हा

आमच्या सासूबाईंच्या वाती म्हणजे गल्लीत नावाजलेल्या. श्रावणात वाती वळायच्या झाल्या की शेजारच्या चौघीजणी आमच्याच ओसरीवर येऊन बसायच्या. त्या हातच्या वाती मागच्या श्रावणात एक जाड, एक बारीक येऊ लागल्या. शेंगदाणे निवडून झाले तरी चटणीत एखादा खवट दाणा लागायचा. मी मनाशी म्हटलं, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

सासूबाईंना मधुमेह होऊन चौदा वर्षं झाली. त्यांचं पथ्यपाणी सगळं माझ्याकडे. भाकरी मोजून, चहा बिनसाखरेचा. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत गेलो तरी त्यांच्या हातात गोडधोड पडू देत नसे. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आकडा बरा आला की मी निर्धास्त. या व्यवस्थेचा मला अभिमानच होता, खोटं कशाला बोलू!

नव्या पेठेत चष्मा करायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "ताई, चष्म्याचं नंतर बघू. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि आतला पडदा पाहिला. मग मला विचारलं, "यापूर्वी पडदा कधी तपासला होता?" मी गप्प. पाच वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढला, तेव्हाच काय तो. मग त्यांनी पडद्याचा फोटो दाखवला. तांबूस रंगावर हळदीचे कण सांडावेत तसे पिवळे ठिपके! साखरेने वर्षानुवर्षं बारीक रक्तवाहिन्या कमजोर होतात, त्या पाझरू लागतात, आणि पाण्याबरोबर रक्तातली चरबीही पडद्यावर येऊन साचते, असं त्यांनी समजावलं. दुखत नाही, खुपत नाही. मधल्या भागाला धक्का लागेपर्यंत माणसाला पत्ताही लागत नाही.

चरबी हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात धस्स झालं. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना कोलेस्टेरॉलची गोळी होती. रिपोर्ट चांगला आला म्हणून मीच ती बंद केली होती. एवढ्या गोळ्या कशाला पोटात, असं वाटलं. डॉक्टरांना खरं ते सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "डोळ्यांचं हे त्यामुळेच झालं असं म्हणता येणार नाही. पण रिपोर्ट चांगला आला तो गोळीमुळे. ती गोळी हृदयासाठी असते. विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

ही हकीकत गल्लीत कळली, तशी शेजारच्या वहिनी फोन घेऊन आल्या. "अहो, कोलेस्टेरॉलच्या गोळीने डोळे सुधारतात म्हणे! उद्याच दुकानातून आणते." पुढच्या खेपेला मी तेही विचारलं. तेव्हा कळलं की या गोळ्याही निरनिराळ्या. हृदयासाठी सहसा देतात ती स्टॅटिन. डोळ्यांबाबत जिचं नाव येतं ती फेनोफायब्रेट, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी उतरवणारी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमधल्या सुमारे 9,800 मधुमेहींवर तिचा अभ्यास झाला. ती घेणाऱ्यांना डोळ्यांवर लेसर करण्याची वेळ कमी आली, असं 2007 मध्ये दिसून आलं. 2024 मध्ये स्कॉटलंडमध्येही, ज्यांच्या पडद्याला नुकती सुरुवात झाली होती अशांचा आजार तिने सावकाश वाढला. पण गेलेली नजर ती परत आणत नाही. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणं सुटत नाही. शिवाय मूत्रपिंडाची तपासणी करूनच ती द्यावी लागते. वहिनींना म्हटलं, "मी विचारल्यावाचून बंद केली, तुम्ही विचारल्यावाचून सुरू करताय. दोघींची चूक एकच."

सासूबाईंना डोळ्यांत इंजेक्शनं घ्यावी लागली. आहे ती नजर टिकली, थोडी सुधारलीही. पण पूर्वीची नाही आली. डॉक्टरांना विचारून त्यांची हृदयाची गोळी पुन्हा सुरू केली. यंदा वाती मी वळल्या. त्या शेजारी बसून बोटांनी चाचपत होत्या, "ही पुन्हा वळ गं, सैल झालीय." मला रडू आलं. त्या मात्र हसत होत्या.

मैत्रिणींनो, प्रौढपणी मधुमेह निघाला की त्याच सुमारास पडदा एकदा तपासायचा आणि मग दरवर्षी, नजर चांगली असली तरीही. थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसतं, म्हणून बरोबर कोणीतरी हवं. आमच्या कॅलेंडरवर गॅसच्या तारखेखाली आता डोळ्यांची तारीख लिहिलेली असते. आणि खाली माझीही, कारण गेल्या महिन्यात माझी साखरही काठावर निघाली. घरातल्या सगळ्यांची पथ्यं सांभाळताना आपली तपासणी कधी झाली होती, हे तुम्हाला तरी आठवतंय का?