दोन सेंटिमीटरचा बेडूक

जून सरत आला की कुरुळीत रात्रीच्या कॉलवर एक प्रश्न हमखास येतो : "तुझ्या मागे कुठलं मशीन चालू आहे का?" क्लायंटचंही चूक नाही म्हणा. मोशी सोडून चाकणकडे निघालं की सगळी कंपन्या-गोदामांचीच वस्ती, मशीन असायला काय हरकत आहे! पण हे मशीन असतं आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या डबक्यात, आणि एकेक युनिट अंगठ्याच्या नखापेक्षा थोडंसंच मोठं :)

तर मंडळी, परवाच्या मीटिंगमध्ये विषय निघाला की या डबक्यात जळकं ऑइल ओतायचं. कारण डास. गेल्या वर्षी बी विंगमध्ये एका शाळकरी मुलाला डेंग्यू झाला होता, त्यामुळे त्याच्या आईची भीती मला खोटी म्हणवेना. फक्त म्हटलं, आधी आत कोण राहतं ते बघू, मग ओता.

दोन रात्री टॉर्च घेऊन फिरलो. छोटे बेडूक सगळे "बेडकाची पिल्लं" वाटतात, ती तशी नसतात. कुंड्यांपाशी उड्या मारणारी काळपट, खरबरीत, सेंटिमीटरभराची मंडळी ही खरंच पिल्लं, नेहमीच्या भेकाची (टोड हो, डोळ्यांमागे फुगीर ग्रंथीवाला). पाण्याच्या काठावर टोकदार तोंडाचा, पाठीवर बारीक उभ्या वळ्या असलेला, कधी मधोमध फिकट रेघ असलेला दिसला तर तो मिनर्वार्या. त्यातल्या एकाचं नावच सह्याद्रीवरून, सिहाड्रेन्सिस, १९१९ साली अ‍ॅनंडेलने दिलेलं. हा एवढाच राहतो, मोठा होऊन कोणी दुसरा होत नाही. आणि पाण्यावरून चपट्या दगडासारखा टप्पे घेत पळाला तर युफ्लिक्टिस, नाव विचारायची गरज नाही.

पण मशीनवाला वेगळाच. गुळगुळीत अंग, निमुळतं डोकं, इवलंसं तोंड, आणि पाठीवर डोळ्यांच्या मधून सुरू होऊन मागे रुंद होत जाणारी गडद नक्षी. हा मायक्रोहायला. पूर्वी इकडच्या सगळ्यांना सरसकट ऑर्नाटा म्हणत. २०१५ साली बांगलादेशातल्या नीलफामारीवरून निलफामारिएन्सिस नावाची जात वेगळी काढली, आणि पुढे ती भारतातही बऱ्याच ठिकाणी निघाली. दोघं दिसायला इतके सारखे की मोबाईलच्या फोटोवर पैज लावू नये. मी वहीत नुसतं "मायक्रोहायला" लिहिलंय. अर्धवट नाव खोट्या नावापेक्षा बरं.

आता मीटिंगमध्ये सांगायचं काय? "बेडूक डास खातात, वाचवा" हे व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड करणं सोपं होतं. पण मायक्रोहायलाचा मुख्य आहार मुंग्या आणि वाळवी. त्याच्या नावावर डास खपवणं मला पटेना, शिवाय उद्या पुन्हा डेंग्यू झाला तर बेडकांवरच खापर. म्हणून दुसरी बाजू मांडली : डेंग्यूचा डास वाढतो तो घरातल्या नाहीतर आसपासच्या साठलेल्या पाण्यात. कुंडीखालची ताटली, कूलर, टायर, उघडी टाकी. रविवारी तीन विंग फिरलो, सेक्रेटरीकाका सोबत होते. अकरा ताटल्या आणि पार्किंगमागचे चार टायर. दोन टायरांत अळ्या वळवळत होत्या. काका काही बोलले नाहीत, टायर मात्र स्वतः उलटे केले.

मग त्यांना डबक्यावर नेलं. टॉर्चच्या उजेडात बेडूकमासे दाखवले, जवळजवळ पारदर्शक, पाण्यात मध्येच तरंगत असलेले. काका बराच वेळ वाकून बघत होते. "किती दिवस लागतात रे?" म्हटलं, महिनाभर धरा.

ऑइल महिनाभर पुढे ढकललंय. ताटल्या दर रविवारी तपासायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. प्लॉट मालकाचा आहे, त्याला पावसाळ्यानंतर तिथे मुरूम टाकायचाय, त्यावर आपला इलाज नाही. बी विंगच्या काकूंनी काल विचारलं, "तुमचे ते झाले का मोठे?" म्हटलं, मागचे पाय आलेत काकू, पुढचे यायचेत.