कर्नलचा ड्रायव्हर

आमच्या भाच्याला पगार मिळतो तो दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा. हेच काम आमच्या घरी सौभाग्यवती वीस वर्षं बिनपगारी करताहेत. दिवाळीला तो धाराशिवला आला, तो संगणक काखोटीला मारूनच.

"काय करायलास रे?"

"कर्नेलमधला ड्रायव्हर तपासतोय, मामा."

आतून लगेच आवाज आला, "काय केलं हो कर्नलसाहेबांच्या ड्रायव्हरनं? प्यालाबिलाय का?"

कर्नेल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा आणि ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्राशी बोलणारा त्याचा दुभाषी, हे मला तासाभराने कळलं. या दुभाष्याच्या एका रकान्यात ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच आकडा मावतो. त्यात एक मिळवला की गुपचूप शून्य! आमच्या लेजरात आकडा मावला नाही तर निदान समासात तरी घुसवतात.

आता कुणी चावटाने १,०७,३७,४१,८२५ नोंदी आणल्या, प्रत्येकी ४ बाइटांच्या. गुणाकार ४,२९,४९,६७,३००. रकान्यात उरतात फक्त ४! ड्रायव्हर चार बाइटांची जागा घेतो आणि एकशेसात कोटी नोंदी लिहायला बसतो. नवरात्रात तुळजापूरला एकट्यापुरती खोली घ्यायची आणि ट्रक भरून भावकी उतरवायची, तसं. शेजारच्या खोलीत कुणाच्या किल्ल्या असतील त्याही हाती लागतात. १९९६ साली युरोपचं एरियान-५ रॉकेट मिनिटभरही टिकलं नाही, तेही एका न मावलेल्या आकड्यापायीच.

"पण इथं तपासणी आहे," भाचा म्हणाला. "गुणाकार ४०९६ च्या वर गेला तर परत पाठवायचं."

"कुठला गुणाकार? तो चार झालेला?"

भाचा गप्प. सकाळीच त्याने 'तपासले' म्हणून सही ठोकली होती.

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी शंभराच्या नोटांचं एक पॅकेट मी वरची चिठ्ठी बघून घेतलं होतं. चिठ्ठीवर शंभर, आत एक्याण्णव. नऊशे रुपये खिशातून भरले आणि घरी सांगितलं, छत्री आणि पाकीट हरवलं. (छत्री खरंच हरवली होती.)

हे मी त्याला सांगितलं. घरात पहिल्यांदाच.

त्याने सही मागे घेतल्याचं कळवलं आणि सोबत दुरुस्तीही सुचवली : गुणाकार करायचाच नाही. ४०९६ ला आधी चाराने भागायचं आणि नोंदी १०२४ पेक्षा जास्त असल्या तर दारातूनच परत.

चहा घेऊन ही बाहेर आली. "काढलं का हो त्या ड्रायव्हरला?"

"नाही. समज देऊन ठेवलाय."

"बरं झालं. आणि पाकिटाचं काय म्हणत होतात?"