खिडकी उघडी दिसली म्हणून

दिवाळीत मुलगा मसोलीला आला, तरी डोळे लॅपटॉपवरच. विचारलं तर म्हणाला, "बाबा, कंटेनर म्हणजे प्रोग्रामचा डबा. डबा सुरू झाला तरी आतलं काम लगेच तयार नसतं. तयार झालं की प्रोग्राम एक फाईल बनवतो. डॉकर दर 30 सेकंदांनी ती शोधतं. लागोपाठ 3 वेळा नाही सापडली की 'आजारी' शिक्का! म्हणून सुरुवातीला सवलत द्यायची." (पहिलीच्या पोरांना देतो तशीच.)

मी म्हटलं, "शेजारच्या वहिनी रोज सकाळी माझी खिडकी बघतात. परवा उकाड्याने ती रात्रभर उघडीच राहिली. मी तापाने पडून, आणि त्यांना वाटलं, गुरुजी उठले."

मुलगा गप्पच झाला. मग म्हणाला, "तोच कंटेनर पुन्हा सुरू केला तर जुनी फाईल तशीच असते. सुरू होतानाच ती पुसायला हवी."

मी आता झोपताना खिडकी आठवणीने लावतो.