फटफटीवरून डोंगराची एक फेरी

एके काळी गावात एखादीच राजदूत नाही तर बुलेट असायची. तिचा आवाज शिवेवर आला की पोरे धावत सुटायची. १९८५ साली हीरो होंडा आली, थोड्या पेट्रोलात लांब जाणाऱ्या गाड्यांचे दिवस सुरू झाले आणि बघता बघता फटफटी शेतकऱ्याच्या दारात उभी राहिली. पण ही गाडी वर्षभर जाते कुठे? खताची गोणी, दुधाची किटली, बाजार, बँक, लग्न आणि मयत. घरची बाई तिच्यावर बसते ती माहेरी जाताना, नाही तर दवाखान्यात जाताना. नुसते चार ठिकाणे पाहून यावे म्हणून आपली गाडी कधी निघत नाही. रिकामे हिंडणे म्हणजे उडाणटप्पूपणा, असे आपण धरून चाललो आहोत.

आता तरुण मुले मोबाइलवर लडाखच्या घाटांची चित्रे पाहतात आणि तिकडे जायचे म्हणतात. जरूर जावे. पण आपल्या उशाशी जो डोंगर आहे तो आधी पाहावा, असे माझे सांगणे आहे. नोकरीच्या निमित्ताने हिंगोली जिल्ह्यातले डोंगररस्ते मी बरीच वर्षे मोटारसायकलवरून तुडवतो आहे. त्यातली एक फेरी आज तुम्हाला सांगतो. हिंगोली, नरसी नामदेव, सेनगाव, येलदरी, जिंतूर, औंढा नागनाथ आणि परत हिंगोली. सारे मिळून दीडशे किलोमीटरच्या आसपास. तीन-साडेतीन लिटर पेट्रोलचे काम. सकाळी धारा काढून निघालात तर संध्याकाळच्या धारेला घरी.

नरसी हे कयाधू नदीच्या काठचे गाव. संत नामदेवांचे हे जन्मगाव मानले जाते. फटफटी नव्हती, डांबरी रस्ता नव्हता, त्या काळात नामदेव महाराज पंजाबपर्यंत गेले. तिथे घुमान गावी त्यांचे स्थान आहे आणि शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. आपल्या मातीतला एवढा मोठा प्रवासी याच काठावरचा, हे ध्यानात ठेवून पुढे निघावे.

सेनगावच्या बाजूला रस्ता वर चढू लागतो. हे सह्याद्रीचे कडे नव्हेत. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आहेत, बुटके आणि पसरट. पण इथेच शेतकऱ्याने गाडीचा वेग कमी करावा आणि दोन्ही बाजूंची जमीन पाहावी. खाली कयाधूच्या काठी हातभर खोल काळी माती होती. चढ लागला की ती विटकरी होते, मग मुरूम दिसतो आणि माथ्यावर उघडा काळा दगड. रस्ता जिथे टेकडी कापून नेला आहे तिथे हे सारे थर एकावर एक दिसतात. माती कशी बनते आणि कशी वाहून जाते हे मी सभेत तासभर सांगितले तरी जेवढे पटत नाही, तेवढे या कापलेल्या टेकडीपाशी दोन मिनिटांत पटते. वरच्याने बांध घातला नाही तर त्याची माती खालच्याच्या रानात, तिथून ओढ्यात आणि ओढ्यातून धरणात जाते. त्याचे रानही गेले आणि धरणाचे पोटही गाळाने भरले.

पुढे येलदरी येते. पूर्णा नदीवरचे हे धरण आणि त्याच्या खालचे सिद्धेश्वर धरण, ही दोन्ही १९६८ सालची. येलदरीला वीजही तयार होते. अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावलेली पूर्णा इथे अडवली आहे. पावसाळा चांगला झालेला असेल तर पाण्याचा पसारा पाहून डोळे निवतात. सिद्धेश्वर औंढा तालुक्यात आहे, वेळ असल्यास तिकडेही वळावे. तिथून निघालेल्या कालव्याचे पाणी वसमतकडे जाते. वसमतच्या हळदीचे नाव आज देशात घेतले जाते, २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या पिवळ्या सोन्याच्या मुळाशी हे पाणी आहे.

आता इथे उभे राहून मान वर करून डोंगराकडे पाहा. कालव्याचे पाणी उताराने जाते, ते चढ चढत नाही. डोंगरावर पडलेला पाऊस धरणात येतो आणि खालची राने भिजवतो. वरच्या तांड्यांना आणि आंध बांधवांच्या वस्त्यांना मात्र त्यांच्याच माथ्यावरचे पाणी लांबून पाहावे लागते. दिवाळीनंतर या फेरीला निघालात तर तांड्यातल्या काही घरांना कुलपे दिसतील. माणसे ऊसतोडीला गेलेली असतात, घरात म्हातारी आणि लेकरे. बागायतदाराने हा रस्ता एकदा तरी पाहावा असे मी म्हणतो ते यासाठी. वरच्या रानात समपातळी चर खणले, नाल्याला बांध घातले, तर वरच्याला ओल मिळते आणि खालच्या धरणात गाळ कमी येतो. वरच्या बांधावर खर्च झाला की तो परक्याच्या रानात गेला असे मग वाटत नाही.

जिंतूर परभणी जिल्ह्यात आहे. तिथे जेवण उरकून औंढ्याचा रस्ता धरावा. पुन्हा टेकड्या, साग, पळस, सीताफळीची झुडपे. औंढा नागनाथाचे हेमाडपंती मंदिर म्हणजे काळ्या दगडातले कोरीव काम. याच तालुक्यात दुधाळा गावाजवळ शास्त्रज्ञांचा लायगो नावाचा प्रकल्प ठरला आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात ठेवून, आकाशात फार दूरवर घडलेल्या घडामोडींची अतिसूक्ष्म थरथर तिथे मोजायची आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये त्याला मंजुरी दिली. अशा यंत्राला गजबजाटापासून दूर, शांत जमीन लागते. म्हणजे पाहा, देशभर शोध घेऊन शास्त्रज्ञांनी आपले माळरान निवडले आणि आपण मात्र ते अजून डोळे भरून पाहिलेले नाही.

आता चार गोष्टी जिवाच्या. ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. सोयाबीन, ज्वारी, तूर रस्त्यावर वाळत घातलेली असते, तिच्यावर चाक छऱ्यावरून घसरावे तसे घसरते. आणि हे धान्य आपणच घालतो. खळे रस्त्यावर करू नका, तुमचाच भाचा त्यावरून येत असेल. दिवस मावळायच्या आत डोंगर सोडा. रोही आणि रानडुकरे तेव्हा रस्ता ओलांडतात, आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात.

गाडीवर दोघेच बसा, कायदाही तेच सांगतो. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर हवे. पुरुषाला हेल्मेट आणि मागे बाई उघड्या डोक्याने, हा कुठला न्याय? साडीचा पदर खोचलेला हवा आणि चाकाला जाळी हवी. चेन, टायरमधील हवा आणि ब्रेक आदल्या दिवशीच तपासा.

घरात कोणी म्हणेल, लेकरांचे आणि गुरांचे कसे? एक दिवस आजी-आजोबा सांभाळतील. पुढच्या खेपेला मुलाने आईला न्यावे. दिवाळी ते संक्रांत हे दिवस उत्तम. सोयाबीन घरात आलेले असते, तूर फुलोऱ्यात किंवा शेंगेत असते, हवा गार असते. भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली बरोबर घ्या. आणि परत आलात की आपल्या रानाच्या वरच्या अंगाला एक चक्कर मारा. बांध कुठे फुटला आहे, माती कोणत्या वाटेने निघाली आहे, ते तुमच्या डोळ्यांना आता लगेच दिसेल. त्या बांधाचे काम उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आत करून टाका.