साचा कागदाचाही असतो

उन्हाळी सुट्टी जवळ आली की सोसायटीच्या सूचनाफलकावर आणि व्हॉट्सॲपवर मुलांच्या कला-कार्यशाळांच्या जाहिराती झळकू लागतात आणि पाठोपाठ पालकांचा ठरलेला प्रश्न येतो: हाताने काम आहे की टॅबवर? मी दोन्ही प्रकारच्या कार्यशाळा घेत आले आहे आणि माझं मत असं झालं आहे की हा प्रश्न मुळातच चुकतो. हाताने केलं ते सर्जनशील आणि पडद्यावर केलं ते यांत्रिक, ही वाटणी ऐकायला सोयीची आहे, पण टिकत नाही. गणेशोत्सवाआधीच्या शाडूच्या कार्यशाळाच घ्या. काही ठिकाणी मुलाच्या हातात रबरी साचा देतात. त्यात माती दाबायची, साचा सोलून काढायचा, कडेची शिवण ओल्या बोटाने पुसायची, झाला बाप्पा. हात मातीने माखलेले असतात, फोटोही छान येतात. पण सोंड डावीकडे की उजवीकडे, पोट केवढं, उंदीर कुठे बसणार, यातलं काहीच मुलाने ठरवलेलं नसतं. त्याच मुलाला नुसता गोळा दिला तर थोड्याच वेळात डोक्याच्या वजनाने मान कलते आणि सोंड सुकताना नेमकी सांध्यापाशी तडकते. मग सांधायच्या दोन्ही जागा काडीने खरवडायच्या, मातीचं दाटसर पाणी लावायचं आणि मगच जोडायचं, हे सांगितलं की ते त्याच्या लक्षात राहतं, कारण आता त्याला त्याची गरज असते. कार्यशाळा जोखायची तर मी एवढंच पाहते: किती गोष्टी मुलाने ठरवल्या आणि किती आयोजकाने आधीच ठरवून ठेवल्या होत्या.

हीच कसोटी पडद्याला लावून बघावी. तयार बाह्यरेषेत टिचकी मारून रंग ओतायचं ॲप हा त्या रबरी साच्याचा सख्खा भाऊच. पण त्याच फोनवर स्टॉप मोशन करायला घेतलं की सगळा मामला बदलतो. मातीची अळी टेबलावर, फोन पुस्तकांच्या दोन चवडींमध्ये घट्ट बसवलेला. अळी जराशी सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांच्या फिल्मला १२० लागतात. एवढा धीर मुलांना कुठून येतो, हा प्रश्न मोठ्यांना पडतो, मुलांना नाही. खिडकीतलं ऊन ढगाआड गेलं की फिल्म लुकलुकते, म्हणून पडदे ओढून दिवा लावावा, हे मुलंच शोधून काढतात. अळी प्रत्येक वेळी सारख्याच अंतराने सरकवली तर ती नुसती घसरत जाते. निघताना आणि थांबताना अंतर कमी ठेवलं की तिच्यात जीव येतो. हे ज्ञान हाताचं की यंत्राचं? दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, १९१२ मध्ये, वाटाण्याचं रोप वाढताना ठरावीक अंतराने चित्रित केलं आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. पुढे काड्यापेटीतल्या काड्यांना पडद्यावर खेळवणारी 'आगकाड्यांची मौज'ही त्यांनी केली. आपल्याकडे सिनेमाची सुरुवातच अशी हात आणि यंत्र एकत्र घेऊन झाली. खेळणीकार अरविंद गुप्तांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब जोडून भूमितीचे आकार करायला शिकवलं, आणि या गोष्टी घरोघर पोहोचल्या त्या पुन्हा त्यांच्या व्हिडिओंमधून आणि संकेतस्थळावरून. एमआयटीतून २००७ मध्ये आलेल्या स्क्रॅच या मुलांच्या प्रोग्रॅमिंग भाषेतही पडद्यावर आधीच एक मांजर उभं असतं. ते पुसून स्वतः काढलेलं काहीतरी तिथे आणलं की खरं काम सुरू होतं. मांजर तसंच ठेवून दिलेल्या सूचना पाळत गेलं तर तोही साचाच.

यावर चित्रकला शिक्षकांचा आक्षेप असतो आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हात बसलेला नसेल तर स्वातंत्र्य घेऊन मूल करणार काय? एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांना बसायचं तर सराव हवाच, शिवाय त्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणही मिळतात. सराव हवा, हे मला मान्य आहे. पण त्याच परीक्षांच्या तयारीत स्मरणचित्राचं काय होतं ते पाहा. डोळ्यांनी पाहिलेलं आठवून काढायचं, असा हा विषय. अनेक क्लासांत मात्र एक भाजीबाजार किंवा एक बसथांबा पाठ करून घेतात आणि मूल तोच कागदावर उतरवून येतं. तंत्र आधी, कल्पना नंतर, असा क्रम लावला की ते नंतर बहुधा येतच नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या मुलांना कला शिकवत. ते स्वतः चित्रकार होते आणि कुंभारकामही करत. तंत्राचं त्यांना वावडं असणं शक्यच नव्हतं, तरीही मुलाच्या अभिव्यक्तीला त्यांनी शिक्षणाचा पाया मानलं.

पडद्याचा धाक मात्र खरा आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलं आहे, म्हणून या वयाला मी फोन देतच नाही. मोठ्या मुलांतही चौघांत एकच फोन ठेवते. त्यामुळे तिघांचे हात मातीत राहतात आणि भांडणं झाली तरी ती फिल्मच्या गोष्टीवरून होतात. त्याहून मोठी अडचण 'अनडू'ची आहे. जलरंगाचा ओघळ परत घेता येत नाही. त्याचं झाड करावं लागतं किंवा पाऊस. पडद्यावर ती वेळच येत नाही, आणि हे नुकसान मला नाकारता येत नाही. म्हणूनच माझ्याकडे कागद आणि माती आधी, फोन मागून.

राहता राहिलं प्रमाणपत्र. बहुतेक जाहिरातींत शेवटची ओळ 'सहभागी मुलांना आकर्षक प्रमाणपत्र' अशी असते. मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यावर नेमकं बोट ठेवतो. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना, काढलंत तर बक्षीस मिळेल, असं आधी सांगितलं. काहींना काढून झाल्यावर अचानक बक्षीस दिलं. काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळेत, बक्षीस आधी कबूल केलेल्या मुलांनी इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक मिळालेल्यांची आवड कमी झाली नाही. तेव्हा द्यायचंच तर आधी न सांगता द्यावं, असं मी आयोजकांना सुचवते. त्यांना ते पटतंही. पण ती ओळ काढली तर नावनोंदणी घटेल, असं त्यांचं म्हणणं असतं, आणि शुल्क भरणारे पालक आधी काय वाचतात हे पाहता त्यांना खोटं ठरवणं मला जमलेलं नाही.